स्नोमोबाइलच्या हँडलला रायझर: किती इंचांचा घ्यावा?

कॅलगरीकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

थंडीत स्लेड (म्हणजे स्नोमोबाइल) काढणारे इथे बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून सरळ विचारतो. उन्हाळ्यात मी एक वापरलेली क्रॉसओव्हर (ट्रेल आणि डोंगर दोन्हींसाठीची) स्लेड घेतली. १४६ इंची ट्रॅक (बर्फावर फिरणारा पट्टा), ८५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. आधीचा मालक ती बसून, ट्रेलवरच चालवायचा. माझी उंची ६ फूट १ इंच, आणि मी जातो ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत, रेव्हलस्टोक, गोल्डनच्या बाजूला, म्हणजे गाडी बहुतेक वेळ उभ्यानेच चालवायची. उभं राहिलं की हँडल पार मांडीपाशी येतं. कमरेतून वाकून चालवावं लागतं आणि दुपारपर्यंत पाठ भरून येते.

दुकानदाराचं म्हणणं, ४ इंचांचा रायझर (स्टिअरिंगची दांडी आणि हँडलचा बार यांच्यामध्ये बसवून बार उंच करणारा ठोकळा) टाका, प्रश्न मिटला. पण बाजारात १ इंचापासून ६-७ इंचांपर्यंत सगळं दिसतंय. सरळ ठोकळे, पुढे झुकलेले, दोन सांध्यांचे, कोन बदलता येणारे पिव्होटवाले. उंची ठरवायची कशी? थ्रॉटलची केबल आणि ब्रेकची नळी बदलावी लागते का? ज्यांनी स्वतः बसवलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पानापकड

विषय जिव्हाळ्याचा, त्यामुळे लांब लिहितोय. मी मिनेसोटात असतो, हिवाळ्यात शनिवार-रविवार स्लेडच्या दुरुस्तीतच जातात.

दादा, "किती इंच" हा आकडा दुकानातून घेऊ नका, स्वतःच्या अंगावरून काढा. गाडी गॅरेजमध्ये सपाट जमिनीवर उभी करा. तुमचे बर्फातले बूट, बिब (पट्ट्यांची जाड पँट), जॅकेट, पाठीवरची बॅग, हेल्मेट सगळं चढवा. बूट महत्त्वाचे, कारण त्यांच्या तळव्यानेच उंची इंच-दीड इंच वाढते. आता रनिंग बोर्डवर (दोन्ही बाजूंच्या पाय ठेवायच्या फळ्यांवर) उभे राहा, पाय जिथे नेहमी असतात तिथेच. गुडघे किंचित वाकलेले, पाठ ताठ पण आखडलेली नाही, मान समोर. डोळे मिटा आणि हात सहज पुढे आणा, कोपर जरासे बाहेर. मुठी जिथे थांबतील तिथे दुसऱ्या कुणाला तरी टेपने जमिनीपासून माप घ्यायला सांगा. मग ग्रिपच्या मध्याचं माप घ्या. दोन्हींतला फरक ही तुमची खरी गरज. फक्त उभा फरक घेऊन थांबू नका, मुठी ग्रिपच्या पुढे आहेत की मागे तेही मोजा. बहुतेक लोक इथेच चुकतात: उंची मोजतात आणि पुढचं-मागचं अंतर विसरतात.

आणि रायझर मागवायच्या आधी आणखी एक गोष्ट. बार पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पचे चार बोल्ट सैल करून बार फिरवून बघा. वापरलेल्या गाडीचा बार आधीच्या मालकाने स्वतःकडे, बसून चालवायच्या हिशोबाने, झुकवून ठेवलेला असू शकतो. तो पुढे-वर फिरवला की बरेचदा इंचभर उंची आणि तेवढंच अंतर फुकटात मिळतं. त्यानंतर पुन्हा मोजा.

सुपीरिअरकाठ

पानापकडशी सहमत. मी मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात, हॉटनजवळ राहतो. लेक सुपीरिअरवरून येणाऱ्या वाऱ्यामुळे इथल्या कीविनॉ भागात सरासरी २०० इंचांहून जास्त बर्फ पडतो, त्यामुळे इथला हंगाम लांब असतो.

एकच भर घालतो. तुम्ही पूर्ण वेळ डोंगरात असाल तर ठीक. पण ट्रेलहेडपासून वर पोचेपर्यंत कित्येक किलोमीटर बसून जावं लागतं ना? उंच रायझर लावून बसलात की कोपर खांद्याच्या रेषेत येतात, मनगटं मागे मुडपतात आणि थ्रॉटलचा अंगठा आखडतो. शिवाय हात विंडशील्डच्या वर जातात. उणे २० सेल्सिअसला ताशी ५० किलोमीटरचा वारा म्हणजे अंगाला उणे ३५ जाणवतं. गरम ग्रिप तळहात गरम ठेवतात, बोटांची बाहेरची बाजू नाही. त्यामुळे उंची वाढवणार असाल तर हँडगार्डचा खर्च त्याच यादीत धरा.

पावडरपंथी

४ इंच?? कृपया नको!

मी गेली अनेक वर्षं ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत चालवतोय, आणि आता जे लोक खरोखर चांगलं चालवतात त्यांचे बार वर नाही, खाली चाललेत. एक काळ होता, जेव्हा डोंगरी गाडी म्हणजे उंच हँडल असं समीकरण होतं. कारण त्या जुन्या गाड्यांवर माणूस मागे बसायचा आणि चढावर हँडलला लोंबकळायचा. आता साइडहिल करताना, म्हणजे उताराला आडवं जाताना, गाडी एका स्कीवर, उतारात धरून ठेवायची असते. वरच्या बाजूच्या बोर्डवर एक पाय, शरीर गाडीच्या बाजूला, हँडल उताराकडे वळवलेलं. अशा वेळी बार छातीशी आला तर ढकलायला जागाच उरत नाही. हात नुसते खेचतात. बार कमरेच्या वर, बेंबीच्या खाली असला की खांदे बारच्या वर येतात आणि सगळं वजन वापरता येतं.

तुमची उंची ६ फूट १ इंच आहे, मान्य. तरी २ इंचांच्या पुढे जाऊ नका. पाठदुखीचं कारण बहुतेक वेळा बारची उंची नसतंच. गुडघे सरळ ठेवून कमरेतून वाकायची सवय असते, ती बदला.

पानापकड

@पावडरपंथी, मुद्दा पटला, पण सरसकट नाही. डोंगरी मॉडेल कंपनीकडूनच उंच ठोकळ्यावर (बारखालच्या मूळ रायझरवर) येतात. त्यांच्यावर आणखी रायझर टाकणं चूक, हे शंभर टक्के मान्य. यांची गाडी क्रॉसओव्हर आहे आणि तीही ट्रेलच्या हिशोबाने लावलेली. तिचा मूळ ठोकळा डोंगरी गाडीपेक्षा बुटका असणार. कंपन्या ठोकळ्याची उंची मिलिमीटरमध्ये स्पेसिफिकेशनच्या पानावर देतात. त्याच कंपनीच्या, त्याच वर्षाच्या डोंगरी मॉडेलचा आकडा बघा आणि आपल्याशी ताडून पाहा. तो फरक किती आहे हे कळलं की अर्धं उत्तर मिळालं. कित्येकदा त्याच कंपनीचा उंच ठोकळा जसाच्या तसा बसतो आणि बाहेरचा रायझर घ्यावाच लागत नाही. माझ्या मते तोच सगळ्यात चांगला मार्ग, कारण एकावर एक दोन ठोकळे रचण्यापेक्षा एक अखंड ठोकळा कधीही मजबूत.

हिमगौरी

मी वाचत होते, आता राहवलं नाही म्हणून लिहितेय. सगळी चर्चा उंच माणसांचीच चाललीये. माझी उंची ५ फूट १ इंच, आम्ही ऑन्टारिओत सडबरीजवळ असतो. नवऱ्यासाठी लावलेली गाडी मी चालवायला घेतली तेव्हा हँडल माझ्या छातीपर्यंत यायचं. वळताना बाहेरच्या बाजूचा हात पोचतच नव्हता, त्यामुळे प्रत्येक वळणाला मला सीटवरून पुढे घसरावं लागायचं. शेवटी रायझर काढला, मूळ ठोकळा लावला आणि अरुंद बार घेतला. गाडी एकदम ऐकायला लागली.

माझ्यासारख्या बायका बऱ्याच आहेत आणि दुकानात त्यांना हमखास "बार वर करा, आराम वाटेल" असं सांगतात. उंची कमी असेल तर रायझर कमी करणं हाही पर्याय आहे, हे कुणीतरी ठळकपणे सांगायला हवं म्हणून लिहिलं.

कॅलगरीकर

हिमगौरीताई, खूप उपयोगी प्रतिसाद. आमच्याकडेही ही स्लेड बायको अधूनमधून चालवणार आहे (५ फूट ४ इंच). मग पिव्होटवाला घेऊन दोघांसाठी मागेपुढे करता येईल का?

पानापकड, तुमच्या पद्धतीने मोजलं. बार फिरवल्यावर फरक उभा अडीच इंच निघाला आणि मुठी ग्रिपच्या जवळपास एक इंच पुढे. म्हणजे मला बार वर आणि पुढे हवाय, बरोबर?

दोनचाकी

मी पुण्यात असतो, स्नोमोबाइलला कधी हात लावलेला नाही. पण यंत्र अभियांत्रिकी हा माझा विषय, आणि लडाखला जाणाऱ्या मित्रांच्या बाइकना रायझर बसवताना हेच गणित केलंय, म्हणून भूमितीचा मुद्दा मांडतो.

स्टिअरिंग पोस्ट (हँडल जिच्यावर बसतं ती दांडी) उभी नसते, वरचं टोक चालवणाऱ्याकडे कललेलं असतं. समजा ती उभ्या रेषेपासून ३० अंश मागे कललेली आहे. पोस्टच्याच रेषेत ३ इंचांचा रायझर लावलात तर बार २.६ इंच वर जातो आणि १.५ इंच मागे, तुमच्या पोटाकडे येतो. धागाकर्त्याला हवंय वर आणि पुढे. म्हणजे साधा सरळ रायझर यांना निम्मं देईल आणि निम्मं हिरावून घेईल. पोस्टचा कल मोबाइलमधल्या लेव्हलने मोजता येतो. तो आकडा धरून कागदावर त्रिकोण काढा.

आता पिव्होटवाला रायझर हवा तसा पुढे झुकवता येतो, पण त्याचीही किंमत आहे. हँडल फिरतं ते पोस्टच्या अक्षाभोवती. बार त्या अक्षावरच असेल तर वळताना तो जागच्या जागी फिरतो. बार अक्षापासून ३ इंच दूर असेल आणि तुम्ही ३० अंश वळलात, तर बारचा मधला भाग दीड इंच बाजूला सरकतो. होडीचं सुकाणू जसं डावी-उजवीकडे ढकलावं लागतं, तसं ते हँडल वाटायला लागतं. एक हात लांब जातो, दुसरा अंगाशी येतो. जितकं अंतर जास्त तितकं ते जास्त जाणवतं, मग बार अक्षाच्या पुढे असो वा मागे.

थोडक्यात, बार अक्षापासून फार लांब न नेता जेवढी उंची मिळेल तेवढीच घ्यावी.

पावडरपंथी

दोनचाकी, उत्तम समजावलंत. हेच मी बर्फात अनुभवलंय पण असं मांडता आलं नसतं. पिव्होट मागे झुकवलेल्या गाडीवर झाडांमधून जाताना पुढचं टोक कुठे जातंय हेच कळत नाही. मागे झुकवलेला पिव्होट डोंगरात कुणीही वापरू नये असं माझं ठाम मत आहे. शरीर मागे गेलं की पुढच्या स्की हलक्या होतात, आणि चढावर तेव्हाच गाडी पुढून उठते.

पुढे झुकवलेला, थोडा, चालेल.

अस्थिमित्र

मी फिजिओथेरपिस्ट आहे, टोरांटोत. माझ्याकडे हिवाळ्यात स्लेडवाले येतात ते प्रामुख्याने तीन तक्रारी घेऊन: कंबर, मनगट आणि उजव्या अंगठ्याचा तळ.

अंगठ्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. स्लेडचा थ्रॉटल अंगठ्याने दाबायचा असतो, तोही तासन्‌तास. बार उंच केला आणि तो फिरवून नीट कोनात आणला नाही, तर मनगट मागे मुडपलेलं राहतं आणि त्या स्थितीत अंगठा दाबायला स्नायूंना जास्त जोर लागतो. नवीन रायझर लावल्यावर थ्रॉटलचा आणि ब्रेकचा लिव्हर पुन्हा नव्याने कोनात लावावाच लागतो. उभं राहून चालवताना हाताच्या पुढच्या भागापासून मुठीपर्यंत सरळ रेष आली पाहिजे.

कंबरेबद्दल पावडरपंथी अर्धे बरोबर आहेत. वाकायचं ते खुब्यातून, पाठीच्या मणक्यांतून नाही, हे शिकलंच पाहिजे. पण बार खरोखर फार खाली असेल तर खुब्यातून वाकूनही ते टिकत नाही, कारण मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतात आणि कंबर आपोआप गोल होते. ज्यांना आधीच मणक्याचा त्रास आहे त्यांनी उंचीच्या बाबतीत हट्ट करू नये. इंचभर जास्त उंच बार चालेल, दुखरी पाठ घेऊन दुर्गम भागात जाणं चालणार नाही.

कॅलगरीकर

डॉक्टरसाहेब, धन्यवाद. मांडीचे स्नायू आखडलेत हे खरंच आहे, दिवसभर खुर्चीत बसून काम.

आता नळ्या-केबलबद्दल कुणी सांगाल का? मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच वाटते.

पानापकड

धास्ती वाटते हे चांगलं आहे, कारण रायझरच्या कामात जीवावर बेतू शकणारी गोष्ट ती एकच.

हँडलपासून खाली काय काय जातं ते आधी पाहा. उजवीकडून थ्रॉटलची केबल. डावीकडून ब्रेकची हायड्रॉलिक नळी. दोन्हीकडून गरम ग्रिपच्या वायरी, बटणांचा गुच्छ, किल स्विच (इंजिन तातडीने बंद करायचं बटण). काही नव्या फोर-स्ट्रोक गाड्यांत थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असतो, तिथे केबलऐवजी वायर असते. तुमची ८५० टू-स्ट्रोक म्हणजे केबल धरून चाला.

१ इंचापर्यंत सहसा काहीच बदलावं लागत नाही. २ इंचांना नळ्यांची वाट बदलावी लागते. म्हणजे पोस्टला बांधलेल्या पट्ट्या कापून, नळी थोड्या सरळ वाटेने आणून सैलपणा काढायचा. ३ आणि त्यापुढे ब्रेकची लांब नळी जवळजवळ नक्की. हे सगळं गाडीगणिक बदलतं, त्यामुळे आकड्यावर विसंबू नका, चाचणी करा.

चाचणी अशी. इंजिन बंद. हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे, अगदी टोकाला अडेपर्यंत. प्रत्येक टोकाला थ्रॉटल दाबून सोडा. तो टक्‌कन मागे आला पाहिजे, आणि लिव्हरची मूळची थोडी मोकळीक शिल्लक असली पाहिजे. ब्रेकची नळी कुठे ताणली जातेय का, दुमडतेय का, धारदार कडेला घासतेय का ते हात फिरवून बघा. नळीवर ताण म्हणजे बॅन्जो बोल्टपाशी (नळीच्या टोकाच्या जोडापाशी) गळतीला आमंत्रण.

मग गाडीचा मागचा भाग स्टँडवर उचलून, मागे कुणी उभं नाही याची खात्री करून, इंजिन आयडलवर ठेवा आणि पुन्हा हँडल टोकापासून टोकापर्यंत फिरवा. आरपीएम एक कणभरही वाढता कामा नये. टू-स्ट्रोकचा क्लच साधारण साडेतीन-चार हजार आरपीएमला पकडतो. केबल ओढली जात असेल तर वळताना गाडी आपोआप वेग घेईल, तेही नेमकी तुम्हाला ती हळू हवी असताना.

बऱ्याच गाड्यांत थ्रॉटलची सुरक्षा यंत्रणा असते: अंगठा सोडला पण खाली थ्रॉटल उघडाच राहिला तर इंजिन बंद पडतं. केबलची मोकळीक बिघडली की ही यंत्रणा विनाकारण इंजिन बंद करते, नाहीतर गरजेच्या वेळी कामच करत नाही. त्यामुळे केबलची वाट बदलली की तिची ॲडजस्टमेंट सर्व्हिस मॅन्युअलमधून बघून परत करायची. यात अंदाज चालत नाही.

ब्रेकची नळी बदललीत तर ब्लीड करावं, म्हणजे आतली हवा काढावी लागेल. ब्रेक लिव्हरपाशी असलेल्या मास्टर सिलिंडरच्या झाकणावर लिहिलंय तेच फ्लुइड वापरा, बहुतेक ठिकाणी डॉट ४ असतं. ते रंग खातं, म्हणून हुडवर आणि प्लास्टिकवर आधी फडकी अंथरा. स्टीलच्या जाळीची नळी घेतलीत तर ती ज्या वायरींना घासेल त्यांना आवरण घाला, नाहीतर जाळी कानशीसारखी वायर कापते.

सुपीरिअरकाठ

वरचा प्रतिसाद छापून गॅरेजमध्ये लावावा असा आहे. आमच्या क्लबमधल्या एकाच्या गाडीवर, दुकानातूनच बसवून आणलेल्या उंच रायझरमुळे, उजवीकडे पूर्ण वळल्यावर थ्रॉटल ओढला जायचा. ट्रेलवर एवढं वळण कधी येत नाही म्हणून कळलं नाही. ट्रेलरवर चढवताना कळलं. सुदैवाने समोर कुणी नव्हतं. काम दुसऱ्याने केलेलं असलं तरी ही चाचणी स्वतः करा.

हिमगौरी

बारच्या जाडीबद्दल कुणीच लिहिलं नाही. मला चुकीचा क्लॅम्प आला होता आणि परत पाठवावा लागला, म्हणून सांगते. क्लॅम्पच्या जागी साधे बार ७/८ इंच (२२.२ मिमी) असतात, जाडे बार १-१/८ इंच (२८.६ मिमी). जाडा बार टोकांकडे निमुळता होत ग्रिपपाशी ७/८ इंचच होतो, त्यामुळे ग्रिपपाशी माप घेऊन उपयोग नाही. मधोमध, जिथे धरला जातो तिथेच कॅलिपर लावा.

पानापकड

अगदी बरोबर, ताई. त्याला जोडूनच: क्लॅम्पची फट पुढे-मागे सारखी ठेवा (उत्पादकाने वेगळं सांगितलं नसेल तर), बोल्ट आळीपाळीने, फुलीच्या क्रमाने आवळा आणि टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) शेवट करा. बोल्टांच्या आट्यांना निळा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव). रायझरबरोबर लांब बोल्ट येतात तेच वापरा, हार्डवेअरच्या दुकानातला मिळेल तो बोल्ट तिथे नको. पहिल्या राइडनंतर पुन्हा टॉर्क तपासा.

आणि तरफेचा विचार करा. पोस्टच्या टोकापासून बार ५ इंचांवर असेल आणि तुम्ही ३ इंच वाढवलेत, तर तरफ ८ इंच झाली. तुमची तीच ओढ पोस्टवर आणि बोल्टांवर १.६ पट जोर लावते. बर्फात रुतलेली गाडी हँडलला धरून ओढायची सवय असेल तर हे लक्षात ठेवा. ओढायचं ते स्कीच्या कडीला धरून.

कॅलगरीकर

एक शंका. जुन्या धाग्यांत, जुन्या व्हिडिओंत सगळे सर्रास ५-६ इंचांचे रायझर सांगतात. तो सल्ला एवढा कसा बदलला?

पावडरपंथी

कारण गाड्या बदलल्या. जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए यांनी क्वेबेकमधल्या वालकूरला १९५९ मध्ये स्की-डू आणली, तेव्हापासून पुढची कित्येक दशकं स्लेडवर बसायची पद्धत एकच: मागे टेकून, पाय पुढे पसरून. हँडल मांडीवर. अशा गाडीवर उभं राहायचं तर बार प्रचंड उचलावाच लागायचा. मग स्नोक्रॉसमध्ये (स्लेडच्या उड्यांच्या शर्यतींत) ब्लेअर मॉर्गनसारखे शर्यतपटू मोटोक्रॉसच्या पद्धतीने उभ्याने चालवायला लागले. २००३ च्या मॉडेलमध्ये स्की-डूने रेव्ह ही नवी चॅसिस (गाडीचा सांगाडा) आणली, तिच्यात चालवणाऱ्याला पुढे सरकवलं, गुडघे खाली आणले. पुढे बाकीच्यांनीही तीच दिशा धरली. माणूस गाडीच्या मध्याकडे आला, आणि बसण्यातून उभं राहणं सोपं झालं, हँडल मूळचंच उंच आलं. ५-६ इंचांचा सल्ला त्या आधीच्या गाड्यांचा आहे. कुणाकडे अजूनही तशी जुनी गाडी असेल तर तो आजही बरोबर आहे.

दोनचाकी

@कॅलगरीकर, तुमचा आकडा घेऊन गणित: अडीच इंच वर, एक इंच पुढे. पोस्ट ३० अंश कललेली धरली तर पोस्टच्या रेषेत साधारण १.७ इंच लागतात आणि तिला काटकोनात, पुढच्या बाजूला, २.१ इंच. म्हणजे बार अक्षापासून २ इंच पुढे जाईल. हे थोडं जास्त वाटतं. सगळं रायझरने साधण्यापेक्षा, मूळचाच जास्त उंचीचा आणि कमी मागे वळलेला बार घेऊन काही भाग तिथून मिळवता येईल का? ग्रिपची जागा बदलते, ठोकळा बुटका राहतो. बारवाले बारची उंची आणि मागचं वळण, दोन्ही मापं देतात.

पानापकड

सुरेख. मीही हेच सुचवणार होतो. माझा सल्ला: आधी त्याच कंपनीचा डोंगरी ठोकळा बसतो का ते पार्ट नंबरवरून तपासा. बसत असेल तर तो आणि कमी मागे वळलेला बार. बसत नसेल तर २ इंचांचा, पुढे किंचित झुकवलेला पिव्होट. रॉक्ससारख्या कंपन्या हे बनवतात, चांगले असतात. पण प्रत्येक सांधा ही सैल पडू शकणारी जागा आहे, तेव्हा महिन्यातून एकदा सगळे बोल्ट बघणं आलं.

दोघांसाठी दर वेळी पिव्होट हलवायची कल्पना मात्र सोडून द्या. प्रत्येक वेळी कोन बदलला की नळ्यांची चाचणी पहिल्यापासून करावी लागते, आणि पार्किंगमध्ये, उणे पंधरात, ती कुणी करत नाही.

हिमगौरी

मग वहिनींसाठी? ५ फूट ४ ला अडीच इंच वाढवलेला बार नक्की त्रासदायक होईल.

पावडरपंथी

दोघांच्या गरजांमधला आकडा घ्या आणि तो कमी उंचीच्या माणसाच्या बाजूला झुकवा. उंच माणूस गुडघे आणि खुबे वाकवून खाली येऊ शकतो. बुटक्या माणसाला हात लांब करता येत नाहीत. दीड इंच वर, अर्धा-एक इंच पुढे, एवढ्यावर दोघंही सुरक्षित चालवू शकतील.

आणि किल स्विचची दोरी, म्हणजे पडल्यावर सुटून इंजिन बंद करणारी. बार वर गेला की दोरीचा ताण बदलतो. ती अंगावर जिथे अडकवता तिथून, पूर्ण उभं राहून, दोन्ही बाजूंना झुकून बघा. नेहमीच्या हालचालीत सुटता कामा नये आणि पडलात तर सुटलीच पाहिजे. वहिनींनी आणि तुम्ही दोघांनीही हे वेगवेगळं तपासा.

कॅलगरीकर

पार्ट नंबर तपासला. डोंगरी मॉडेलचा ठोकळा बसतो, आणि माझ्यापेक्षा ३० मिमी उंच आहे. म्हणजे सव्वा इंचाच्या आत. तोच घेतोय, बार नंतर बघू. हँडगार्डही मागवतोय. ब्रेकची नळी पुरेल का ते ठोकळा बसवल्यावरच कळेल.

पानापकड

३० मिमीला नळी पुरायला हरकत नाही, पण पट्ट्या कापायच्या आधी सगळ्या नळ्या-वायरींचे फोटो काढून ठेवा, कुठली कशाच्या मागून जाते ते दिसेल असे. एक्झॉस्टपासून आणि स्टिअरिंगच्या सांध्यांपासून अंतर मूळचं होतं तेवढंच राहिलं पाहिजे. नव्या पट्ट्या लावताना नळी चेपेल एवढ्या घट्ट ओढू नका, आणि हँडल सरळ असताना लावू नका, पूर्ण वळवलेलं असताना लावा, आधी एका बाजूला वळवून, मग दुसऱ्या. थंडीत रबर आखडतं, म्हणून उबदार गॅरेजमध्ये ठीक वाटलेली चाचणी गाडी रात्रभर बाहेर ठेवून सकाळी पुन्हा करा.